रिमोट फेकू नका, उघडा

स्क्रीनवरच्या खेळाडूने उभं राहायला हवं, पण तो डावीकडे चालत सुटतो. गेमचा रिमोट टेबलावर पडलेला असतो, कुणाचं बोटही त्याला लागलेलं नसतं. तरीही नेमबाजीच्या खेळात नेम हळूहळू आकाशाकडे वळतो, फुटबॉलच्या खेळात बचावपटू आपली जागा सोडून मैदानाच्या कडेला निघतो. या बिघाडाला जगभर ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरची मुलं म्हणतात, ‘ॲनालॉग गेला.’ आणि ॲनालॉग गेला, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पाडला का रे?’

बहुतेक वेळा तो कुणीच पाडलेला नसतो. हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण या बिघाडापायी अनेक घरांत मुलांनी विनाकारण बोलणी खाल्ली आहेत. ड्रिफ्ट हा झिजेचा आजार आहे. तो कुठे होतो, का होतो, कसा ओळखायचा आणि कुठवर घरी दुरुस्त करायचा, हे सगळं माहीत असलेलं आहे. अडचण एवढीच, की ही माहिती रिमोट विकत घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही. त्याला एकच वाट दिसते, नवा घेण्याची. चांगल्या कंपनीचा नवा रिमोट पाच-सहा हजारांच्या घरात जातो. आत बिघडलेला भाग मात्र शंभर-दोनशे रुपयांचा असतो.

रावेरसारख्या गावात हा हिशेब जास्त टोचतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा असा हा तालुका. गेम कन्सोलचं अधिकृत सर्व्हिस सेंटर इथे नाही. जळगाव लांब पडतं. बुऱ्हाणपूर जवळ आहे, पण ते मध्य प्रदेशात. रिमोट कुरिअरने पाठवायचा म्हटलं तर जाण्या-येण्याचा खर्च दुरुस्तीच्या वर जातो. पण याच गावात सबमर्सिबल मोटर जळली म्हणून कुणी ती भंगारात टाकत नाही, रिवाइंडिंगला देतात. स्टार्टरचे पॉइंट घासले तर पॉइंट बदलतात, पेटी बदलत नाहीत. ठिबकचे ड्रिपर क्षारांनी चोंदले की ॲसिड सोडून नळ्या धुऊन घेतात. ज्या घरात शेतातली प्रत्येक वस्तू अशी जपली जाते, त्याच घरातला गेमचा रिमोट पहिल्याच बिघाडाला कपाटावर जातो. यात बदल व्हायला हवा, आणि तो होऊ शकतो.

खरखर तीच, वस्तू नवी

रावेरला एका जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककाकांसमोर एका अकरावीच्या मुलाने आपला बिघडलेला रिमोट ठेवला. काकांनी गेम कधी खेळलेला नाही. त्यांनी अंगठ्याने हलवायची काडी, म्हणजे मुलांचा ‘ॲनालॉग’, दोनदा गोल फिरवली आणि म्हणाले, ‘हे त रेडिओच्या व्हॉल्यूमचंच दुखणं हाये.’

त्यांचं निदान अचूक होतं. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवलं की मध्येच खरखर यायची. त्या बटणामागे पोटेन्शिओमीटर नावाचा भाग असतो. कार्बनचा एक कमानदार पट्टा आणि त्यावरून सरकणारी धातूची बारीक पत्ती, एवढीच त्याची रचना. पट्ट्याच्या एका टोकाला व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला शून्य. पत्ती जिथे टेकलेली असेल, तिथलं व्होल्टेज ती बाहेर नेते. बरोबर मधोमध टेकली तर निम्मं व्होल्टेज मिळतं.

गेमच्या रिमोटमधल्या प्रत्येक काडीखाली असे दोन पोटेन्शिओमीटर काटकोनात बसवलेले असतात, साधारण दहा हजार ओहमचे. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. काडी सोडली की आतल्या स्प्रिंगा तिला मध्यावर आणतात. बोर्डावरची चिप व्होल्टेजचं रूपांतर आकड्यात करते. सोनीच्या प्लेस्टेशन-४ (पीएस-४) या कन्सोलच्या रिमोटमध्ये हा आकडा ० ते २५५ असतो आणि मध्य १२८ च्या आसपास. काडी मध्यावर उभी असताना चिपला १२८ ऐवजी १०५ दिसलं, तर तिच्या लेखी अंगठ्याने काडी एका बाजूला ढकललेली आहे. खेळाडू चालायला लागतो. गेम आपल्या जागी बरोबर असतो, त्याला मिळणारी बातमीच चुकीची असते.

आकडा चुकतो त्याची कारणं तीन. पहिलं, कार्बनचा पट्टा घासला जातो. काडीचा बहुतेक वेळ मध्याच्या आसपास जातो, त्यामुळे पट्टा तिथेच सर्वांत जास्त झिजतो आणि झिजल्या जागेचा रोध बदलतो. दुसरं, घासून निघालेली कार्बनची पूड, बाहेरची धूळ आणि हाताचा घाम पत्तीखाली अडकतात. तिसरं, स्प्रिंग थकते आणि काडी मध्यावर परत येण्याआधीच थांबते. खानदेशातला उन्हाळा आणि वैशाखात उडणारी काळ्या मातीची बारीक धूळ दुसऱ्या कारणाला हातभार लावतात. पण मूळ कारण पहिलंच. धूळ अजिबात नसलेल्या घरातही पट्टा झिजतोच.

चारशे सतरा तास

किती लवकर झिजतो, याचा एक हिशेब अमेरिकेतल्या आयफिक्सिट या दुरुस्तीचं साहित्य आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये मांडला होता. पीएस-५ च्या ड्युअलसेन्स रिमोटमधल्या काड्या जपानच्या आल्प्स कंपनीच्या आहेत. त्यांचं आयुष्य वीस लाख फेऱ्यांचं ठरवलेलं आहे. दणादण हालचालींच्या नेमबाजी खेळात मिनिटाला साधारण ऐंशी फेऱ्या धरल्या, तर ही मर्यादा ४१७ तासांत संपते. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलासाठी हे जेमतेम सात महिने झाले. शांत खेळ खेळणाऱ्याचा रिमोट कितीतरी जास्त टिकतो, पण झीज कुणालाच चुकत नाही.

निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलने हा प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर आणला. स्विच मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्याच्या जॉय-कॉन नावाच्या छोट्या रिमोटमध्ये काडी आणखी चपटी, पट्टा आणखी पातळ. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने जवळपास २५ हजार तक्रारी जमवून युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. तक्रार करणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांचा रिमोट दोन वर्षांच्या आत बिघडला होता. अखेर एप्रिल २०२३ मध्ये युरोपात वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्तीचं आश्वासन कंपनीला द्यावं लागलं.

हा सगळा इतिहास रावेरच्या मुलाला कळायला हवा तो एका कारणासाठी. त्याचा बिघाड एकट्याचा नाही आणि तो त्याच्या वागण्यामुळे झालेला नाही.

आधी आकडे, मग पेचकस

दुरुस्तीचा क्रम फुकटाकडून खर्चाकडे जाणारा असावा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावायचा नाही, बिल शोधायचं. ती संपली असेल, तर आधी आकडे बघायचे.

रिमोट केबलने कॉम्प्युटरला जोडायचा. विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल एवढं टाइप केलं, की रिमोटच्या काड्यांची स्थिती दाखवणारी खिडकी उघडते. ब्राउझरमध्ये चालणारी मोफत तपासणी पानंही आहेत आणि ती जास्त बारीक आकडे देतात : उणे एक ते अधिक एक, मध्य शून्य. काड्यांना हात न लावता चार आकडे वहीत लिहायचे, डाव्या काडीचा आडवा आणि उभा, उजव्या काडीचा आडवा आणि उभा. शून्याच्या आगेमागे दोन-चार शतांश हलणं निरोगी रिमोटमध्येही असतं. एखादा आकडा पंधरा-वीस शतांशांवर अडून बसला किंवा सतत थरथरत राहिला, तर आजारी पोटेन्शिओमीटर सापडला. चारांपैकी नेमका कोणता, हेही कळलं. निम्मं काम इथेच होतं.

त्यानंतर रीसेट. प्लेस्टेशनच्या रिमोटला मागच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन घालून पाच सेकंद दाबून धरायची. स्विचच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनची सोय आहे. कॉम्प्युटरवरच्या पुष्कळ खेळांत ‘डेडझोन’ वाढवता येतो. मध्याभोवतीच्या ठरावीक हालचालीकडे खेळाने दुर्लक्ष करायचं, असा त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टनेच आपल्या प्रणालीत डाव्या काडीसाठी ३२,७६७ पैकी ७,८४९ इतका डेडझोन सुचवलेला आहे, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. काड्यांमध्ये थोडी चूक राहणारच, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं आहे. डेडझोन वाढवल्याने बिघाड झाकला जातो, बरा होत नाही, आणि नेम धरण्यातली नजाकत कमी होते. तरी परीक्षा संपेपर्यंत रिमोट चालवायचा असेल, तर तो वाजवी उपाय आहे.

पुढची पायरी न उघडता सफाई. रिमोट बंद करून काडी एका बाजूला कलवायची, ब्लोअरने हवा मारायची, मग बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून काडी गोल फिरवायची, सगळं पूर्ण वाळू द्यायचं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे ‘आयपीए’ हमखास असतं. ९९ टक्के शुद्ध घ्यावं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते आत चिकटून बसतं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे आत मारला तर धूळ त्याला आणखी चिकटते. केवळ धुळीचा बिघाड असेल तर एवढ्यावर रिमोट नीट होतो. झीज असेल तर काही दिवसांनी आकडा पुन्हा सरकतो. तेव्हा उघडणं आलं.

झाकणाच्या आत

त्या अकरावीच्या मुलाचा रिमोट पीएस-४ चा होता आणि बिघाड डाव्या काडीच्या आडव्या आकड्यात. टेबलावर पांढरा कागद, त्यावर रिमोटचं ढोबळ चित्र. मागचे चार स्क्रू काढले आणि चित्रात ज्या त्या जागी सेलोटेपने चिकटवले. ही सवय काकांची. ‘स्क्रू हारपला का काम हारपलं,’ हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

दोन्ही झाकणं एकदम ओढायची नसतात. त्यांच्यामध्ये कागदासारखी पातळ रिबन केबल असते, ती फाटली तर चार्जिंग आणि दिवा दोन्ही जातात. मुलाने झाकण पुस्तकासारखं अर्धवट उघडलं, रिबन सरळ ओढून मोकळी केली आणि लगेच बॅटरीचा कनेक्टर काढला. ही १००० मिलिअँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. तिला टोक लागता कामा नये, आणि ती फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवायचं.

बॅटरीखालचा एक स्क्रू काढल्यावर बोर्ड वर आला. काडीच्या लोखंडी चौकटीला दोन बाजूंनी चिकटलेल्या दोन छोट्या डब्या दिसू लागल्या, हेच दोन पोटेन्शिओमीटर. काडीच्या बुडाशी पांढरी पूड साचली होती. काडीचा दांडा झाकणाच्या कड्याला घासून प्लास्टिकचा भुगा पडतो, तो तिथे जमतो.

काकांनी घड्याळजीचा चपटा पेचकस डबीच्या फटीत घालून हलकेच पिळला. टक् असा आवाज होऊन झाकण सुटलं. त्याचे तीन पाय बोर्डाला टाके घातलेलेच राहिले, ते नुसतं बाहेरच्या बाजूला कललं. आतून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पांढरी चकती निघाली. तिच्या पाठीला सोनेरी धातूची दोन बोटं, केसासारखी बारीक. कललेल्या झाकणाच्या आतल्या अंगाला घोड्याच्या नालेच्या आकाराचा काळा पट्टा होता. भिंगातून पाहिल्यावर त्याच्या मधोमध एक चकचकीत चर दिसला. बाकीचा पट्टा मंद काळा आणि तेवढीच जागा घासून गुळगुळीत झालेली.

मुलगा बराच वेळ भिंगातून बघत राहिला. स्क्रीनवर इतके दिवस जे चालत होतं, त्याचं कारण त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

कापसाच्या बोळ्याला आयपीए लावून पट्टा आणि चकती पुसली. बोळा काळा झाला. धातूची बोटं किंचितशी वर उचलली, म्हणजे ती पट्ट्यावर नीट टेकतील. फार उचलली तर पट्टा दुप्पट वेगाने झिजतो. पट्ट्यावर पेन्सिलचं शिसं घासायचा जुना तोडगा काकांनी मुलाला करू दिला नाही. ग्रॅफाइटने रोध कुठेही कसाही बदलतो आणि थोड्या वापरात ते उडून जातं. डबी बंद केली, रिमोट तात्पुरता जोडला. आडवा आकडा शून्याजवळ आला. पण चर खोल असल्याने ही दुरुस्ती फार दिवस टिकणार नाही, हे काकांनी लगेच सांगून टाकलं. यापुढचं काम सोल्डरिंगचं.

चौदा टाके

काडीचा अख्खा संच बोर्डावर सोल्डरच्या चौदा टाक्यांनी बसलेला असतो. दोन पोटेन्शिओमीटरचे सहा, दाबायच्या बटणाचे चार आणि चौकटीच्या पायांचे चार. तो सरळ उपटता येत नाही, चौदाही टाके मोकळे व्हावे लागतात.

कारखान्यातलं सोल्डर शिशाविना असतं आणि ते २१७ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. आपल्या बाजारातलं शिसं-कथलाचं सोल्डर १९० च्या आतच पातळ होतं. म्हणून अनुभवी माणूस प्रत्येक टाक्यावर आधी थोडी पेस्ट आणि थोडं शिशाचं सोल्डर चढवतो. दोन्ही मिसळली की टाका लवकर वितळतो, मग पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने ते ओढून घेता येतं. घाई करून जोर लावला तर भोकाभोवतीचं तांब्याचं कडं उखडतं, आणि मग दोनशे रुपयांच्या दुरुस्तीत हजारोंचा बोर्ड जातो. खिडकी उघडी ठेवायची, धूर श्वासात घ्यायचा नाही, काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

ज्याने कधी सोल्डरिंग केलेलं नाही, त्याने पहिला प्रयोग चालू रिमोटवर करू नये. भंगारातल्या बोर्डावरून आधी दहा-वीस भाग काढून बघावेत. तेही नको असेल, तर उघडून निदान केलेला रिमोट गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. त्याच्याकडे सोल्डरिंग आयर्न, पंप, हॉट एअर सगळं असतं आणि हात बसलेला असतो. ‘डाव्या काडीचा आडवा पॉट गेलाय, संच बदलून द्या’ असं नेमकं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम तो आनंदाने घेतो. सुटे भाग जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या बाजारात विचारावेत किंवा ऑनलाइन मागवावेत. नवा संच बसवल्यावर मध्य पुन्हा ठरवावा लागतो. प्लेस्टेशनच्या रिमोटसाठी ब्राउझरमधून कॅलिब्रेशन करणारं मोफत साधन हौशी तंत्रज्ञांनी बनवलं आहे, ते इथे उपयोगी पडतं.

काकांचं एक साधन मात्र नव्या दुकानांत दिसत नाही, ते म्हणजे काट्याचं मल्टिमीटर. काढलेल्या संचातला पोटेन्शिओमीटर त्याला जोडून काडी सावकाश फिरवली, तर चांगल्या भागावर काटा संथ सरकतो आणि घासलेल्या जागी झटका देतो. आकड्यांच्या मीटरवर हा झटका निसटून जातो. रेडिओच्या काळातलं हे साधन आजच्या रिमोटचा दोष जास्त स्पष्ट दाखवतं.

चुंबकाचा उपाय

घासणारा पट्टाच नसेल तर? चुंबकाच्या क्षेत्राने विजेचा प्रवाह एका बाजूला ढकलला जातो, हे एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवलं. त्यावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या काडीत एक छोटा चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याला स्पर्श न करता दिशा ओळखतो. स्पर्श नाही, म्हणून पट्ट्याची झीज नाही. सेगा कंपनीने १९९६ मध्ये सॅटर्नच्या आणि १९९८ मध्ये ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये हेच तंत्र वापरलं होतं. म्हणजे उपाय जुना आहे. तरीही मोठ्या कंपन्यांनी घासणारा पट्टाच ठेवला, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच-२ च्या रिमोटमध्येही तोच निघाला. चुंबकाच्या काड्या त्याऐवजी गुलीकिट, एटबिटडू अशा छोट्या कंपन्यांनी लोकप्रिय केल्या. जुन्या रिमोटच्या त्याच चौदा भोकांत बसणारे चुंबकी संच आता मिळतात. टाके काढायचेच असतील, तर हा संच बसवणं शहाणपणाचं. स्प्रिंग मात्र त्यातही असते, ती कधीतरी थकणारच.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या ॲक्सिलरेटरमध्येही बहुधा हॉल सेन्सरच असतो. मूठ सोडली तरी गाडी ओढ घेते, असा त्याचा बिघाड असतो. रिमोटच्या काडीवर हे तत्त्व शिकलेला मुलगा उद्या ती मूठही उघडून दुरुस्त करू शकेल. शेतात सेन्सर आणि स्वयंचलित व्हॉल्व्ह येत आहेत, तेही कधीतरी बिघडणारच. अशा वेळी निदान करणारा माणूस गावात असणं गरजेचं आहे.

हक्क आणि जबाबदारी

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. गेमचे रिमोट या यादीत नावाने नाहीत. बाहेरही चित्र फार वेगळं नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये दुरुस्तीचा हक्क देणारा चांगला कायदा केला, पण गेम कन्सोल त्यातून वगळले. सोनीने २०२३ मध्ये काडीचा संच हाताने काढता-बसवता येणारा रिमोट आणला, पण फक्त सर्वांत महागड्या प्रकारात. काडी काढता येईल अशी बनवणं शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झालं. ती सोय साध्या रिमोटमध्येही द्यायला हवी, ही मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे.

वॉरंटीत असलेल्या रिमोटबद्दल दाद मिळत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो. रावेरच्या ग्राहकाला मुंबई गाठायची गरज नाही, जळगावचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आपली जबाबदारीही आहे. काढलेली बॅटरी आणि मेलेला बोर्ड घंटागाडीत टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यायचा.

दुरुस्ती शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पेचकसांचा छोटा संच, आयपीएची बाटली, कापूस, भिंग आणि शेजारी बसून ‘थांब, जोर लावू नको’ म्हणणारं एक मोठं माणूस एवढं पुरतं. रावेर, सावदा, फैजपूरमध्ये अशी माणसं आजही आहेत. त्यांच्या दुकानात रेडिओ यायचे थांबले, पण त्यांना ठाऊक असलेले बिघाड नव्या वस्तूंमध्ये राहायला आले आहेत. शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा काकांना आठवडाभर बोलवावं, मुलांना घरातली एक बिघडलेली वस्तू घेऊन यायला सांगावं. वर्गात शिकलेला ओहमचा नियम त्या टेबलावर खरा होतो.

या दिवाळीत घरातून नव्या रिमोटची मागणी आली, तर आधी मुलाला जुन्या रिमोटचे ते चार आकडे वहीत लिहून आणायला सांगा. मुलगी असेल तर तिलाही हेच सांगा, हे काम तिचंही आहे. कोणता आकडा सरकलाय हे त्यांनी दाखवलं, की रिमोटच्या मागचे चार स्क्रू त्यांच्यासोबत बसून काढा.